खुलासा त्याच पानावर

आमच्या काकांना बोलता येत नसे, खुलासा करता येत असे. "चहा गार झालाय का हो?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. काका म्हणायचे, "चहा गार झालेला नसून तो पिण्याजोगा झालेला आहे." काकू कपाळाला हात लावायची आणि कप उचलून पुन्हा गरम करायला न्यायची. नोकरी माणसाच्या अंगात मुरते म्हणतात. काकांच्या ती जिभेत मुरली होती.

ते प्रेशर कुकर बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीत जनसंपर्क अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त, पण काम मुख्यतः एकच. वर्तमानपत्रात कंपनीबद्दल काही वेडंवाकडं छापून आलं, की त्याचा खुलासा लिहायचा. कुठे कुकरची शिट्टी उडाली, कुठे कामगारांनी काम थांबवलं, कुठे कुणी म्हटलं की भांड्याचा पत्रा पातळ केलाय, की लगेच काका हजर. कारखान्यातल्या फाटकावरच्या माणसापासून थोरल्या मालकांपर्यंत सगळे त्यांना खुलासाकाका म्हणत. मी त्यांची सख्खी पुतणी, म्हणून मला नुसतं काका म्हणायची सवलत होती.

खुलाशाची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कुणाचीही भीड न धरता पाळली. वस्तू स्वतःच्या हातात घेऊन बघितल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "शिट्टी अगदी ठीक आहे," तर हे म्हणणार, "असेल. मला दाखवा." मग स्वतः कुकर चढवून, समोर स्टूल टाकून, शिट्टी होईपर्यंत बसून राहणार. दोष निघाला तर तसं लिहिणार. मालक चिडायचे, पण छापायला परवानगी द्यायचे, कारण काकांचा खुलासा खरा असतो हे बाजाराला ठाऊक होतं.

मजकूर तयार झाला की पाकीट घेऊन ते स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचे आणि तिथे भांडायचे. भांडण ठरलेलं. "बातमी तुम्ही पहिल्या पानावर चौकटीत छापलीत. मग खुलासा आतल्या पानावर चपलांच्या जाहिरातीखाली का? बातमी ज्या पानावर, खुलासा त्याच पानावर. हा न्याय आहे." संपादक हसायचे, मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा चपलांखालीच यायचा. काका ते पान काकूपुढे धरून म्हणायचे, "बघ. पुन्हा चपला." सगळा जन्म या एका मागणीत गेला, पण कुठल्याही संपादकाने ती पुरी केली नाही.

माझे आईवडील दुसऱ्या गावी राहतात. शिक्षण संपल्यावर मी नोकरीसाठी काका-काकूंकडे राहायला आले. त्याच सुमाराला कंपनीचा कारभार थोरल्या मालकांच्या मुलीकडे गेला होता. या मॅडम हुशार होत्या, भराभर चालायच्या आणि त्याहून भराभर ठरवायच्या. त्यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिराती जवळजवळ बंद केल्या आणि ऑनलाइन विभाग काढला. विभाग म्हणजे मी, एक न उघडणारी खिडकी आणि सारखा तापणारा कॉम्प्युटर. माझ्यासाठी शब्द काकांनीच टाकला होता. माझं काम कंपनीच्या पेजवर रोज काहीतरी टाकायचं, आणि त्याखाली लोक जे लिहितील त्याला गोड उत्तरं द्यायची.

पहिल्या आठवड्यात काका माझ्या टेबलाशी येऊन चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले.

"हे खाली काय लिहिलंय?"

"लोकांनी लिहिलंय, काका."

"कोणत्या लोकांनी?"

"कुणीही. ज्याला वाटेल त्याने."

"आणि हे छापायला हो कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. लिहिलं की छापलं जातं."

त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे इथे खुलाशावर खुलासा येणार. मग विषय संपायचा कधी?" मी हसले. हसण्यासारखं नव्हतं हे मला नंतर कळलं.

जाहिरातीचंही रूप पालटलं होतं. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या बायका असतात, त्यांना कंपनी फुकट कुकर पाठवायची आणि त्या कॅमेऱ्यासमोर त्याला कुरवाळायच्या. काकांनी मला विचारलं, "या आपल्याकडे नोकरीला आहेत का?" नाही. "गिऱ्हाईक आहेत?" नाही. "मग या आहेत कोण?" याचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्या मात्र एकेका व्हिडिओत काकांच्या अख्ख्या वर्षाच्या प्रसिद्धीपत्रकांइतकं काम करून जायच्या.

काका यावर कुरकुरले नाहीत. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "निवृत्त झालात तरी तुम्हाला सोडणार नाही. सल्लागार म्हणून तुमची खुर्ची इथेच राहील." त्या खुर्चीची काकांना भारी हौस. निरोप समारंभाचं भाषण त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, आणि दाढी करताना ते आरशाला म्हणून दाखवायचे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायची, "आरशाने टाळ्या वाजवल्या का?"

त्या वर्षी लाल दांड्याचं नवं मॉडेल निघालं. कंपनीतल्या प्रत्येकाला एकेक कुकर मिळाला, तसा आमच्याही घरी आला. एकदा जेवताना काकू सहज म्हणाली, "अहो, या नव्याचा दांडा हलतोय."

काकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "दांडा हलत नाही. तू घाईत उचलतेस."

काकूने दांड्याला एक चिंधी घट्ट गुंडाळली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मीही तिथेच होते. मलाही काही वाटलं नाही, कारण मला भात वेळेवर मिळत होता.

आणि मग तो व्हिडिओ आला. प्राथमिक शाळेतल्या एका बाईंनी तो केला होता. मनगटाला पट्टी, समोर ओट्यावर आमचा लाल दांड्याचा कुकर. बाई आरडाओरडा करत नव्हत्या. वर्गात गणित समजावावं तसं सांगत होत्या, की दांडा स्क्रूपाशी तडकतो, पण तडा आतल्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. भरलेला कुकर उचलला की एकीकडे कलतो. तसं झालं आणि उकळतं पाणी हातावर आलं. तुमच्याकडे हा कुकर असेल तर दांडा हलवून बघा. बस्स, एवढंच. पाहणारे थोडेच होते, बहुतेक त्यांच्याच शाळेतल्या मुलांचे आईबाप.

मॅडमच्या तो नजरेस पडला आणि काकांना बोलावणं आलं. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते.

"खुलासा हवाय. आत्ताच्या आत्ता."

"कारखान्यातून त्या मॉडेलचे नग मागवतो. बघतो, मग लिहितो," काका म्हणाले.

"काका, ते दिवस गेले. तुम्ही बघेपर्यंत हे गावभर होईल. ऑनलाइनमध्ये पहिला बोलतो त्याचंच खरं धरतात. आणि दोष नाहीये. मी विचारलंय."

काका माझ्याकडे बघू लागले. मी काय बोलणार होते? मॅडम म्हणत होत्या ते मीच काकांना दोन महिने शिकवत होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं. त्यांना असं उभ्याने लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"समाजमाध्यमांवर प्रसारित होत असलेल्या चित्रफितीसंदर्भात खुलासा करण्यात येतो की, सदर कुकरच्या दांड्यात कोणताही दोष नसून, वापरकर्त्याने कुकर घाईने उचलल्यास असे प्रकार संभवतात." मॅडमनी खाली आणखी एक ओळ घालायला लावली: "काही व्यक्ती निव्वळ प्रसिद्धीसाठी अशा चित्रफिती तयार करतात, याची ग्राहकांनी नोंद घ्यावी." काका या ओळीवर अडले. मॅडम म्हणाल्या, "कुणाचं नाव थोडंच घेतलंय?" मी बटण दाबलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंचा व्हिडिओ त्यांच्या गल्लीबाहेर गेला नव्हता. आमच्या पेजला जोडलेले लोक मात्र गावोगावचे. "कुठली चित्रफीत?" म्हणून जो तो शोधायला लागला. शोधली, पाहिली, पुढे पाठवली. वर्तमानपत्रातला खुलासा लोक वाचायचे आणि पान उलटायचे. इथे खुलाशाखाली जत्रा भरली. थोडे लोक बाईंच्या बाजूने होते, पण ज्यांना आमचा फुकट कुकर मिळाला होता त्या बायका, त्यांचे चाहते, आणि ज्यांना कुठेही शिव्या द्यायला आवडतं ते रिकामटेकडे, असे सगळे मिळून त्या बाईंवर तुटून पडले. इतकी जुनी कंपनी सांगतेय म्हणजे बाई खोटारडीच असणार. हिला स्वयंपाक येत नाही, कंपनीला नावं ठेवते. ही मुलांना काय शिकवणार? कुणीतरी शाळेचं नाव शोधून काढलं आणि मग शाळेच्या पेजवरही तेच सुरू झालं.

मॅडम खूश होत्या. "बघा, लोक आपल्यासाठी भांडतायत."

मला मात्र त्या सगळ्याला उत्तरं द्यायची होती. "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत," असं मी दिवसभर लिहीत होते. कशाच्या प्रेमाबद्दल, ते देव जाणे. अशात बाईंचा निरोप आला, सरळ कंपनीच्या पेजवर, फक्त आम्हालाच दिसेल असा. "शाळेने मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. मला भरपाई नको. मी खोटं बोलले नाही, एवढंच तुम्ही सांगा." मी मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "उत्तर देऊ नकोस. आपोआप शांत होईल."

संध्याकाळी जेवताना मी तो काकांना वाचून दाखवला. त्यांचा घास हातातच राहिला.

"घरी बसवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खुलाशामुळे?"

"मग कशामुळे, काका?" माझा आवाज चढला होता.

काकू वाढता वाढता थांबली. तिला कंपनीच्या भानगडी ठाऊक नव्हत्या. मोबाईल ती फक्त बहिणीशी बोलायला वापरायची. "काय लिहिलं होतं तरी काय तुम्ही?" मी तो मजकूर वाचला. 'वापरकर्त्याने कुकर घाईने उचलल्यास' इथपर्यंत आले तेव्हा काकूने डाव खाली ठेवला. ती आत गेली, ओट्यावरचा कुकर घेऊन आली, आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवला. चिंधी तेलाने काळी झाली होती.

"हे मला म्हणाला होतात," ती म्हणाली. "अगदी हेच. त्या बाईलाही हेच सांगितलंत का?"

तिने हे शांतपणे विचारलं, आणि म्हणून मला ते ऐकवेना. काकांनी चिंधी सोडायला घेतली. गाठ सुटेना. काकूने मदत केली नाही. शेवटी चिंधी निघाली आणि त्यांनी दांडा उलटा करून चष्मा लावून पाहिला. स्क्रूपासून आतल्या बाजूला तडा गेला होता, बाईंनी दाखवला होता तसाच. काका उठले, कुकरमध्ये पाणी भरलं आणि तो दांड्याला धरून उचलला. तो लगेच कलला आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. गार होतं म्हणून बरं.

"तू रोज असा उचलत होतीस?" त्यांनी विचारलं.

"खालून फडकं लावून. दोन्ही हातांनी. घाईत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या माणसाने कारखान्यात स्टुलावर बसून शिट्ट्या मोजल्या, त्याने आपल्या ओट्यावरचा कुकर पाहिला नव्हता. मला त्यांचा राग आला होता, पण ओल्या पायांनी ते तिथे उभे होते ते बघून रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते तोच कुकर पिशवीत घालून मॅडमच्या खोलीत गेले. दार बंद होतं, पण त्या दाराला आवाज अडवायची सवय नव्हती. दांडे बदलून द्यायचं बघू, मॅडम म्हणत होत्या, तसा विचार चालूच आहे. पण खुलासा मागे घ्यायचा नाही. कंपनी खोटं बोलली असं आज म्हटलं, तर उद्या आपल्या कुठल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील?

"आणि त्या बाईंच्या शब्दाचं काय?" काका म्हणाले.

"काका, थोडेच महिने राहिलेत. सन्मानाने जा. खुर्ची आहेच तुमची."

ते बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. "मला त्याच्यावर खातं काढून दे. माझ्या स्वतःच्या नावाचं. कंपनीच्या पेजला हात लावू नकोस. तुझी नोकरी तुला राहू दे."

व्हिडिओ आम्ही रविवारी सकाळी घरीच केला. काकांनी आधी कागद लिहून आणला होता. 'सदर विषयासंदर्भात' म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि काकूने तिथेच हात वर केला. "अहो, हे कुणाला कळायचं? मला सांगताय असं बोला."

"तुला सांगायला गेलो तर लाज वाटेल."

"वाटू दे."

त्यांनी कागद घडी करून डब्याखाली ठेवला. मी मोबाईल धरला. समोर ओटा, ओट्यावर कुकर, बाजूला ती काळी चिंधी.

"मी या कुकरच्या कंपनीत खुलासे लिहितो," काका म्हणाले. "शाळेतल्या बाईंबद्दल जो खुलासा तुम्ही वाचलात, तो मी लिहिला. वस्तू न बघता लिहिला. बाई बोलल्या ते खरं आहे. हा माझ्या घरचा कुकर. हा तडा. माझ्या बायकोने मला आधीच सांगितलं होतं की दांडा हलतोय, आणि मी तिलाही खुलासाच दिला. बाईंनी प्रसिद्धीसाठी काही केलेलं नाही. त्यांना जे वाईट बोललं गेलं त्याला कारण मी आहे. बाई, मला माफ करा. आणि तुमच्या घरी हा कुकर असेल, तर दांडा हलवून बघा. घरातलं कुणी सांगत असेल तर आधी त्याचं ऐका."

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"आता कुठे टाकू?" मी विचारलं. "तुमच्या खात्याला अजून कुणीच जोडलेलं नाही. कोण बघणार?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जगातला सगळ्यात सोपा प्रश्न विचारला होता. "बाईंच्या व्हिडिओखाली. जिथे बातमी, तिथेच खुलासा. इथे तर कुणाच्या पाया पडावं लागत नाही ना?"

नाही, इथे कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. लिहिलं की छापलं जात होतं. मी तो तिथे टाकला. संपादकांनी जन्मभर नाकारलेली जागा त्यांना मिळाली ती अशी, स्वतःच्याच चुकीसाठी. वर कुठे चपलांची जाहिरातही नव्हती.

तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला नाही. शिव्यांना पाय असतात, माफीला काठी घेऊन चालावं लागतं. पण बाईंच्या व्हिडिओवर जे आधीपासून होते, त्या मुलांच्या आईबापांनी पाहिला आणि मुख्याध्यापिकांकडे नेऊन दाखवला. बाई पुन्हा वर्गावर गेल्या. त्यांनी काकांच्या व्हिडिओखाली एकच ओळ लिहिली: "तुमच्या पत्नीला नमस्कार सांगा."

काकांना सोमवारीच घरी पाठवलं. समारंभ नाही, खुर्ची नाही, भाषण कागदावरच राहिलं. दाढी करताना ते आता गप्प असतात. पुढे महिन्याभराने कंपनीने सगळ्यांना नवे दांडे फुकट द्यायला सुरुवात केली. त्यासाठी एक आनंदी व्हिडिओही काढला. त्यात एक हसरी मुलगी कुकर घेऊन गिरक्या घेते, आणि खाली लिहिलंय, 'तुमच्या सुरक्षेसाठी आमचं पुढचं पाऊल'. तो मीच टाकला. मी अजून तिथेच आहे, कारण मला पोट आहे. पण हल्ली तक्रार आली की मी आधी ती वस्तू मागवून घेते, आणि मॅडम घाई करायला लागल्या की मला ऐकू येत नाही.

आमच्या घरचा दांडा पार्सलने आला, आणि काकांनी जमिनीवर बसून, जीभ दातांत धरून तो स्वतः बसवला. मग कुकरमध्ये पाणी भरून ओट्यावर ठेवला.

काकूने पदराला हात पुसत विचारलं, "आता हलत नाही ना?"

उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. 'दांडा हलत नसून' असंच ते सुरू होणार, हे आम्हा दोघींनाही कळलं. त्यांनी ते गिळलं आणि ओट्यापासून बाजूला झाले.

"तू उचलून बघ," ते म्हणाले, "आणि मला सांग."